सत्काराची चादर

अक्कलकोट रोडवरच्या चादरीच्या कारखान्यात सगळी कामं कार्डांवर मांडणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. मल्लय्या मास्तरांनी मात्र मनावर घेतलं. ताणा कुठं तुटतो, रंग कधी दगा देतो, तीस वर्षांत हाताला कळलेलं सगळं त्यांनी एकेका कार्डावर लिहून काढलं. रोज सकाळची बैठक उभ्यानंच व्हायची. बसलं की गप्पा वाढतात, म्हणून खुर्च्याच काढून टाकल्या होत्या. मास्तर दुखऱ्या गुडघ्यांनी उभे राहायचे.

एका सोमवारी त्यांच्या मोबाइलवर नवं कार्ड आलं : 'सत्कारासाठी चादर निवडणे. जबाबदारी : मल्लय्या.'

"कुणाचा सत्कार हाय, ताई?" त्यांनी मालकाच्या मुलीला, महेश्वरीला विचारलं.

"निवडा की मास्तर, तुमच्याइतकी पारख कुणाला आहे?"

मास्तरांनी चाळीस चादरी उलगडून पाहिल्या, एका धाग्याचाही दोष नसलेली बाजूला काढली आणि कार्ड 'झालं'च्या रकान्यात सरकवलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत महेश्वरीनं तीच चादर त्यांच्या खांद्यावर घातली. "मास्तरांनी सगळं लिहून ठेवलंय. उद्यापासून त्यांना आराम. त्यांच्यावाचून आता आपलं काही अडणार नाही."

टाळ्या वाजल्या. मास्तरांना बसायला कुणीतरी खुर्ची आणली.