कोंब धुतलेलं पाणी

शिवकांता लातुरातल्या एका प्रयोगशाळेत टिश्यू कल्चर शिकत होती. केळीचे कोंब औषधात बुडवायचे, निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुवायचे, पाणी निळ्या पिंपात ओतायचं, मग कोंब बाटलीत लावायचे. पण शहरात टँकर आठवड्यानं येत होता. काचेसारखं स्वच्छ पाणी तिला टाकवेना. तिनं ते कॅनमध्ये भरून झाडलोट करणाऱ्या गुणामावशींना घरी न्यायला दिलं. दुपारी शिकवणाऱ्या मॅडमनी रिकामं पिंप पाहिलं. "धुतलेलं पाणी कुठंय? अगं, त्यात औषधाचं जहर उतरतं, म्हणूनच तीनदा धुतो!" शिवकांतानं मावशींना फोन लावला. पहिल्यांदा लागलाच नाही, दुसऱ्यांदा मावशींनी उचलला. "मावशी, ते पाणी..." "लई नितळ हाय गं माय! सगळं माठात वतलं." "मावशी, ऐका, कुणी पिऊ..." "जरा थांब. उन्हातून पाव्हणे आलेत, त्यायला पानी देते, मग बोलते." फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. शिवकांता ओरडत राहिली. पलीकडे माठावरचं झाकण वाजलं.