तांडेलाचा अंदाज

दर्यात कुणी बुडालं की लोक शिरगावला एकनाथ तांडेलाकडे धाव घेत. वारा कुठला होता, भरती होती की ओहोटी, एवढं विचारून तो सांगे, "उद्या सकाळी केळव्याच्या खडकांत बघा." प्रेत तिथंच सापडे.

पासष्टच्या लढाईत त्याचा मुलगा नामदेव बॉम्बफेकी विमान घेऊन गेला, तो परतलाच नाही. महिन्याभराने त्याच्या तुकडीतला एक अधिकारी घरी आला. विमान पेटल्यावरही नामदेवने नेम कसा सोडला नाही, ते तो सांगत राहिला. मृतदेह मात्र मिळाला नव्हता.

एकनाथने सगळं ऐकून घेतलं. मग तो पुढे सरकला.

"तवा वारा कुठला होता? भरती होती का ओहटी?"

"काका, तिथे समुद्र नाही हो," अधिकारी मान खाली घालून म्हणाला. "सरहद्दीपलीकडचं वाळवंट आहे ते."

एकनाथ ओशाळला. असल्या कामासाठी दारी आलेल्याला त्याने आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

"वाळूतला मना नाय सांगता येत, सायेब," तो हात जोडून म्हणाला. "तुमी दुसऱ्या कोनाला तरी विचारून बघा."