खिडकीजवळची खाट

"थैलीतलं ओझं आपलं, पोरी. थैलीतली गोष्ट आपली नाही."

बाईंचे वडील पोस्टमन होते. बाई तेव्हा सात वर्षांच्या. डिंक सुटलेलं एक पाकीट वडिलांच्या हातात आपोआप उघडलं, तेव्हा त्यांनी नजर छताला लावली आणि आंधळ्यासारखं चाचपत ते पुन्हा चिकटवलं. त्या वेळचा वडिलांचा आवाज आज पन्नास वर्षांनी बाईंच्या कानात आला, तो समितीच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात. कारण गुप्तचर खात्याच्या उपप्रमुखांनी नुकतंच अगदी मऊ स्वरात विचारलं होतं,

"चिरंजीव कसे आहेत? खिडकीजवळची खाट मिळाली का?"

बाईंच्या हातातला कप हलला नाही. तीस वर्षं वर्ग सांभाळलेला चेहरा होता तो.

"काळजी नको," उपप्रमुख म्हणाले. "आमच्याकडून गोष्ट बाहेर जात नाही. आपण एकमेकांना सांभाळून घ्यायचं. तेवढं कलम नऊचं बघा."

समितीपुढच्या नव्या कायद्याच्या मसुद्यातलं कलम नऊ एका वाक्याचं होतं. कुणाचाही फोन ऐकायचा, तर आधी न्यायाधीशाची सही हवी. ते वाक्य समितीच्या सदस्य म्हणून बाईंनी स्वतः लिहिलं होतं आणि खात्याच्या घशात तेच अडकलं होतं. आठवडाभर उपप्रमुख एकेका सदस्याला असेच भेटत होते, तब्येतीची चौकशी करत. कालपर्यंत बाईंशी हसून बोलणारी माणसं आज त्यांना बघून कागद चाळू लागली होती.

मुलगा दारू सोडवायच्या दवाखान्यात होता. बाईंनी सगळीकडे सांगितलं होतं, बाहेरगावी नोकरी लागली. मुलगाच म्हणाला होता, "सांग की खरं, आई. पिणारा मी, लाज तुला का?" तरी सांगितलं नाही. ठाऊक होतं फक्त बहिणीला. काल संध्याकाळी बहीण फोनवर म्हणाली, "अगं, त्याला खिडकीजवळची खाट माग. दिवसभर भिंत बघून शहाणा माणूससुद्धा प्यायला लागेल." उद्या विचारते, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला होता. अजून विचारलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, नर्सला नाही, मुलालाही नाही.

कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून बाई आत गेल्या.

आत सात सदस्यांच्या सात खुर्च्या होत्या आणि कोपऱ्यात लघुलेखिकेचं टेबल. समितीची एक जुनी रीत होती. अध्यक्षांनी चष्म्याचं घर टेबलावर दोनदा आपटलं, की लघुलेखिका पेनाला टोपण लावायची. मग जे बोललं जाई, ते कुठेच बोललं गेलेलं नसे. आज सकाळपासून अध्यक्ष आपटतच होते.

"आज सुतारसुद्धा लाजेल," शेजारचे वकील पुटपुटले. पण हसले नाहीत. एरवी स्वतःच्या विनोदाला सगळ्यांत आधी तेच हसत.

अध्यक्षांनी समोर बसलेल्या उपप्रमुखांना नोंदीसाठी प्रश्न विचारला. "समितीच्या कुणा सदस्याचा फोन आपण ऐकता का?"

"एकाचाही नाही," उपप्रमुख म्हणाले. "एवढा तरी विश्वास ठेवा आमच्यावर."

लघुलेखिकेने लिहून घेतलं.

"तर मग," अध्यक्ष म्हणाले, "कलम नऊ वगळावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

तीन हात वर गेले. चौथा गेला की कलम गेलं. चौथा हात वकिलांचा होता. तो टेबलाखालून निघाला, छातीपाशी आला आणि तिथेच घोटाळला. साठीचा माणूस, कोर्टात ज्याच्या आवाजाने पंखे थांबत म्हणत, तो गृहपाठ न केलेल्या मुलासारखा खाली बघत होता.

याला काय विचारलं असेल यांनी? बाईंच्या मनात आलं. बायकोबद्दल? रक्ताच्या तपासणीबद्दल? व्हरांड्यात आवळून धरलेला राग आता डोळ्यांत चढला, आणि तो एकट्या स्वतःसाठी नव्हता.

"मला बोलायचंय," बाई म्हणाल्या.

टक टक. लघुलेखिकेने टोपण लावलं.

"टोपण काढा, ताई."

"बाई, विषय खाजगी असेल तर..." अध्यक्ष चष्म्याच्या घराशी चाळा करत म्हणाले.

"खाजगीच आहे. म्हणून तर लिहून ठेवायचा."

लघुलेखिकेने अध्यक्षांकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग टोपण काढून, ते पुन्हा हाती लागू नये असं, खणात टाकलं.

बाई उभ्या राहिल्या. "माझा मुलगा बाहेरगावी नाही. मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. तो दारू सोडवायच्या दवाखान्यात आहे, एकवीस दिवस झाले. त्याची खाट भिंतीकडे आहे. ती खिडकीजवळ हवी, हे मी अजून देवालाही सांगितलेलं नाही. काल फक्त बहिणीशी फोनवर बोलले. आणि आज, या दाराबाहेर, साहेबांनी मला विचारलं, मिळाली का."

खोलीत पेनाची खरखर तेवढी चालू होती. वकिलांचा हात हळूच टेबलाखाली गेला.

बाई उपप्रमुखांकडे वळल्या.

"नाही मिळाली, साहेब. मागायला आज जाणार आहे."