एकाच घाण्याचे रूळ

भिलाईच्या रेल मिलमध्ये रूळ तपासता तपासता सूर्यकांतरावांची नोकरी संपली. एका रुळात खोट निघाली, की भट्टीच्या त्याच घाण्याचे सगळे रूळ तपासायचे, हा तिथला कायदा. त्यामुळे बहीण वासंतीला स्तनाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दोष रक्तातला आहे, आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो," तेव्हा सूर्यकांतरावांनी जवळच्या उतई आणि जामुल गावांत दिलेल्या उरलेल्या दोन्ही बहिणी गाडीत घालून दवाखान्यात आणल्या. सोबत वासंती आणि आपली लेक नीरजा.

"मुकाट्यानं रक्त द्या. एकाच घाण्याचा माल हाय!"

दोघींचं झालं. नर्स म्हणाली, "आता तुमचं, काका."

"माह्यं? मी त माणूस हाय! बायकायच्या रोगात मले कावून ओढता?"

वासंतीनं टकलावरचा रुमाल सारखा केला. "दादा, तू का राउरकेल्याच्या भट्टीतून आला?"

सगळ्यांत मोठ्यानं नीरजा हसली. तिच्याकडे पाहता पाहता सूर्यकांतरावांनी बाही वर सरकवली.

"घ्या बाई. हे पोरगी माह्याच भट्टीतली हाय."