गार्डच्या डब्याचा ब्रेक

टेबलावर मांडलेल्या चिमुकल्या रुळांच्या चढावर जोडकडी निसटली आणि मालगाडीच्या शेवटी जोडलेला गार्डचा डबा एकटाच मागे घरंगळू लागला. तळाशी रूळ संपत होते. खाली फरशी होती. निमकर सरांचा हात तिथवर पोहोचणार नव्हता. हा पितळी डबा त्यांनी वर्षभर खपून घडवला होता. थरथरू लागलेल्या बोटांना आता दुसरा साधणार नव्हता.

अगदी काठावर डबा गचकन थांबला.

“अहो, दृष्ट लागू नये म्हणून मी त्याला काळा दोरा बांधला, तेव्हा हसला होतात ना?” पत्नीने विचारले.

सरांनी भिंगातून पाहिले. चढताना मागे फरफटणारा दोरा, डबा उलटा धावताच चाकाखाली येऊन आसाला गुंडाळला गेला होता.

“हे निव्वळ घर्षण आहे.”

“असेल हो.”

सरांनी कपाटातल्या इतर डब्यांकडे नजर टाकली आणि घसा खाकरला. “दोरा उरलाय का?”