पहिलं पाणी

दर शनिवारी चिंचवडच्या चर्चमागच्या नळावर महिला मंडळाच्या मोनिकाबाई वेदीवरची वस्त्रं धुवायच्या. त्यांवर मिस्साच्या द्राक्षारसाचा, म्हणजे प्रभूच्या रक्ताचा, थेंब राहिला असेल म्हणून पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, गुलाबाच्या बुडाशी ओतायचं असा रिवाज होता. दुसरं पाणी नितळ निघायचं, खुशाल गटारात जायचं. आज त्यांच्या बादलीत मुलाचा खाकी शर्ट होता. पोरगा गुरुवारी कंपनीत प्रेसखाली चिरडला, काल त्याला माती दिली. शर्ट पिळून बादली घेऊन गुलाबाकडे निघाल्या तशा अध्यक्षीणबाई आडव्या आल्या. “मोनिका, तिथं फक्त वेदीच्या वस्त्रांचं पाणी ओततात गं.” “ठावं हाय, बाई. नव्या पोरींना म्याच शिकिवलं.” त्यांनी तांबडं पाणी ओतलं. नळाशी परतून मोनिकाबाईंनी शर्ट पुन्हा खळबळला. दुसरं पाणीही तितकंच तांबडं निघालं. “बाई, आता ह्ये कुठं वतू?”