उजवीकडचा ढीग

पुस्तक मिटून तिनं मागच्या पुठ्ठ्यावर खडूनं फुली मारली आणि ते डावीकडच्या ढिगावर टाकलं. खडू नवऱ्याचा होता, कापडावर खुणा करायचा. फूटपट्टीही त्याचीच. ती पानावर आडवी धरून वरून खाली सरकवायची. पट्टी तळाशी पोचायच्या आत दुसऱ्या हातानं पान उलटायला घेतलेलं असायचं.

"माझा खडू संपवलास," शिलाई मशीनवरून मान वर न करता शिंपी म्हणाला.

"नवा आणा. पुस्तकंही संपत आली."

कपाट जवळजवळ रिकामं झालं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे कागद टाइप करताना तिनं ही पुस्तकं एकेक करून घेतली होती, निवृत्तीनंतर वाचायची म्हणून. निवृत्ती आली आणि तिच्या पाठोपाठ डोळ्यांचं दुखणं आलं. नजर कडेकडेनं मिटत येतेय, डॉक्टर म्हणाले. लांबवता येईल, थांबवता येणार नाही. वाचायचं ते वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी तिनं झटपट वाचनाच्या क्लासात नाव घातलं. परीक्षांची तयारी करणारी तिथली पोरं आधी तिला बसायला जागा द्यायची. पुढे तिला 'एक्सप्रेस आजी' म्हणायला लागली, कारण तिला गाठणं कुणाला जमेना.

लेक रिकामी खोकी घेऊन आली. फुलीची पुस्तकं वाचनालयाला द्यायची होती. खोकं भरता भरता तिनं एक मध्येच उघडलं.

"आई, खरं सांग. यातलं काही डोक्यात राहतं?"

"कुठलं ते? निळं? त्यातला नायक भित्रा आहे आणि लेखकाला ते ठाऊक नाही. शेवटी उगाच पाऊस पाडलाय."

लेकीनं शेवटचं पान काढलं. पाऊस होता.

"आणि हे?"

"आत्मचरित्र. आईवर अर्धं पान, खुर्चीवर दोन प्रकरणं."

लेक हसली, पण तिचं समाधान झालं नाही. "यात मजा कसली गं? ताटावर बसायचं आणि नुसतं गिळत सुटायचं."

"मी जेवत नाहीये. भाजी निवडतेय."

मशीन थांबलं. शिंप्याच्या मनात बरेच दिवस साठलेलं होतं.

"जेवढी नजर राहिलीय तेवढी कागदावर उधळतेयस," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्याहून कडक निघाला. "सकाळपासून एकदा मान वर केली नाहीस. चहा ठेवून गेलो, तो गार झाला. कुणी ठेवला तेही पाहिलं नाहीस."

तिनं कपाटातलं शेवटचं पुस्तक घेतलं, पट्टी लावली. काही पानं भराभर गेली. मग पट्टीची चाल मंदावली. मग एका पानाच्या मध्यावर ती थांबलीच, आणि दोन ओळी मागे गेली. तिनं पुस्तक पटकन मिटलं, दुसऱ्यासाठी काढून ठेवलेल्या ताटावर झाकण घालावं तसं. खडू न उचलता ते उजवीकडे ठेवलं.

उजवीकडचा ढीग अगदीच लहान होता.

"ही वाचायची राहिलीत होय?" लेकीनं विचारलं.

"यांच्यावर पट्टी पुढे सरकेना. म्हणून मिटली. शेवट मलाही ठाऊक नाही."

"मग कधी वाचणार?"

"मी नाही. तुझे बाबा वाचून दाखवणार आहेत."

शिंपी मोठ्यांदा हसला. दोघींपैकी कुणी साथ दिली नाही, तेव्हा थांबला.

"मी? अगं, माझा आजचा पेपर उद्या संपतो. जोडाक्षर आलं की मला खाली उतरून ढकलावं लागतं."

"आई, आता फोनवर ऐकता येतात पुस्तकं," लेक म्हणाली. "चांगल्या आवाजात."

"फोनमधली बाई कुठे अडत नाही. न अडता वाचणारी मी होतेच की घरात." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही दोनदा मापल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. मला तसा माणूस हवाय. म्हणून तर एवढी घाई केली. सगळं कपाट तुमच्यावर टाकलं असतं तर आपल्याला तीन जन्म लागले असते. एवढी पुरतील, तुमच्या चालीनं."

शिंप्यानं बाहीला चिकटलेला दोरा काढला. तो कुठे टाकावा हे न सुचून बोटाला गुंडाळत राहिला. मग हात पँटला पुसले, चष्मा पुसला, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि उजवीकडच्या ढिगातलं वरचं पुस्तक घेतलं.

पहिल्या शब्दाखाली त्यानं बोट ठेवलं. तिसऱ्या शब्दाला अडला. घसा खाकरला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी वाक्याच्या टोकापर्यंत पोचला. लेक हातातलं खोकं खाली ठेवायचं विसरली होती.

ती आता चूक काढेल, निदान पुढचा शब्द तरी सांगेल, म्हणून त्यानं वर पाहिलं. फूटपट्टी जमिनीवर पडली होती. तिचे डोळे पुस्तकावर नव्हते.

"काय झालं? चुकलो का?"

"नाही. तुम्ही वाचा," ती म्हणाली. "मी बघतेय."